त्रेसष्टावा विद्यार्थी

संस्थेच्या ऑनलाइन शिक्षणाचा दर्जा तपासून तो सुधारण्याचं काम माझ्याकडं आलं, त्यात माझी लायकी हा मुद्दा कुठंच नव्हता. आदेशावर पाच जणांची नावं होती. पहिले सर निवृत्त होऊन पुण्याला लेकीकडं गेलेले, दुसरे निवडणुकीच्या कामावर, तिसऱ्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. चौथ्या सरांच्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळे मागच्याच महिन्यात जेवून आलो होतो. त्यांनाही आदेशाची प्रत होती आणि खाली 'बैठकीस गैरहजर राहिल्यास लेखी खुलासा करावा' ही ओळही होती. पाचवा मी.

"रेणुकादास सर," आमचे प्राचार्य शिवमूर्ती सर म्हणाले, "तुम्हाला घरी काही काम नसतं. म्हणून तुमचं नाव मीच सुचवलं."

हे ते प्रेमानं बोलले, म्हणून जास्त लागलं. घरी काम नसतं हे खरं नव्हतं. माझी बायको सौदामिनी गेल्याला तीन वर्षं होत आली, तेव्हापासून घरातली सगळी कामं मलाच असतात. 'चहा टाकलाय' असं मीच म्हणतो आणि 'आले' असंही मीच म्हणतो. पण तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसानं हे प्राचार्यांना काय सांगायचं. मी आदेशाची प्रत घेतली.

विषय असा होता. आमचं महाविद्यालय नांदेडचं, पण संस्थेचं ऑनलाइन केंद्र लातूरला. शिक्षण मध्येच सुटलेल्या मुलामुलींना घरबसल्या बी.ए. करता यावं म्हणून ते काढलेलं. आता बाहेरून तपासणी पथक येणार होतं आणि त्याआधी आम्हीच आमचं मूल्यमापन करून अहवाल तयार ठेवायचा होता. त्यासाठी त्रेचाळीस पानांचं प्रपत्र होतं. मुलांनी प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण द्यायचे. मी ते आमच्या ऑफिसातल्या शिवलिंगकडं दिलं आणि मुलांना पाठवायला सांगितलं. चहा पिऊन परत येतो तर बासष्टच्या बासष्ट मुलांची उत्तरं आलेली. सगळीकडं पाचपैकी पाच. 'अडचणी असल्यास लिहा' यापुढं बासष्ट वेळा 'काहि नाही', आणि बासष्टही ठिकाणी 'काहि'ची वेलांटी पहिलीच.

"मुलांचा वेळ वाचवला, सर," शिवलिंग म्हणाला. "अभ्यासाचे दिवस हायेत."

संध्याकाळी मी हे शेजारच्या माणिकप्पांना सांगितलं. माणिकप्पा मूळचे उदगीरचे, किराणा दुकान मुलांवर सोपवून आता दिवसभर आमच्या सामाईक भिंतीवर कोपर टेकून उभे असतात. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडं सल्ला तयार असतो आणि तो बहुधा जेवणाच्या भाषेत असतो.

"सर, भाजी कशी झाली ते वाढप्याला इचारायचं नसतं," ते म्हणाले. "पंगतीत बसायचं आन् खाऊन बघायचं."

मला ते पटलं. इथून पुढं जे झालं त्याचा दोष मी माणिकप्पांना देत नाही. माणसाला पटलेला सल्ला हा त्याचाच असतो. दुसऱ्या दिवशी मी शिवलिंगला सांगून केंद्राच्या यादीत एक चाचणी विद्यार्थी टाकायला लावला. नाव विचारलं तेव्हा जे तोंडात आलं ते सांगितलं: सुदर्शन शरणप्पा. जन्मसाल संगणकानं आपल्या मनानंच २००४ घातलं आणि काही केल्या बदललं नाही. अशा रीतीनं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी एकवीस वर्षांचा झालो. गुडघ्यांना मात्र कोणी कळवलं नव्हतं.

सकाळी साडेसातला भूगोलाचा तास. मी अंघोळ करून, नवी वही घेऊन, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो. पडद्यावर बासष्ट काळे चौकोन होते, प्रत्येकात एक नाव. एका चौकोनात लातूरच्या मनस्विनी मॅडम दिसत होत्या, तिशीच्या आसपासच्या, मागं हातानं रंगवलेला नकाशा.

"नमस्कार. आवाज येतोय का सगळ्यांना?"

कोणी बोललं नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग "बरं" असं स्वतःशीच म्हणून शिकवायला सुरुवात केली. त्या चांगलं शिकवत होत्या, हे मी नाइलाजानं लिहितो आहे, कारण दख्खनच्या पठारावर माझ्याइतकं चांगलं कोणी शिकवत नाही असा माझा समज होता. मधूनमधून त्या प्रश्न विचारत, थांबत आणि स्वतःच उत्तर देत. असं चाळीस मिनिटं. रिकाम्या घरात दोन्ही बाजूंनी बोलणारं माणूस मला ओळखीचं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आवाज येतोय का?" आणि माझं बोट आपोआप बटणावर गेलं.

"येतोय, मॅडम."

त्या दचकल्याच. खडू हातातून पडला. "कोण बोललं?"

"सुदर्शन."

"सुदर्शन," त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज बसलाय का? तब्येत बरी नाही?"

आता एकवीस वर्षांच्या मुलाला माझा आवाज असण्याचं दुसरं काय कारण देणार. "सर्दी झालीय," मी म्हणालो. ती सर्दी पुढं दीड महिना टिकली. मॅडम रोज तास सुरू करण्याआधी तिची चौकशी करत. ज्येष्ठमध चघळा, ओव्याचा वाफारा घ्या, थंड पाणी पिऊ नका. मी वाफारा घेतला. खोटं बोलतो आहे हे ठाऊक असूनही घेतला, कारण दुसऱ्या दिवशी त्या 'घेतला का' म्हणून विचारत आणि मला 'हो' म्हणावंसं वाटे. हैदराबादचा माझा मुलगा अनय दर रविवारी फोन करतो, चांगला मुलगा आहे. पण तो विचारतो, "बाकी सगळं ओके?" या प्रश्नात उत्तराला जागा नसते.

माझं मूल्यमापन इथंच बाजूला पडलं. मी उत्तरं देऊ लागलो. मी उत्तरं देतो म्हणून मॅडम जास्त प्रश्न विचारू लागल्या. नवे नकाशे आले, मातीचे नमुने बरण्यांत भरून आले. मी रात्रीचं जेवण लवकर उरकून पुढच्या धड्याची तयारी करू लागलो. माणिकप्पा भिंतीवरून बघत होते.

"सर, तुमी शिकवून राहिलात का शिकून राहिलात?"

"मूल्यमापन चालू आहे," मी म्हणालो.

"हाव. पंगतीत बसा म्हणलं तं तुमी जावयासारखे बसलात."

मग चाचणी परीक्षा झाली. वीस प्रश्न, चारातला एक पर्याय निवडायचा, तपासणार संगणक. मला अकरा गुण मिळाले. वीसपैकी अकरा, भूगोलात, मला. 'पुढीलपैकी कोणता घटक मान्सूनवर परिणाम करत नाही' या प्रश्नाचे चारही पर्याय परिणाम करतात, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मी केंद्राकडं रीतसर तक्रार केली. चार दिवसांनी ती तक्रार पुढील कार्यवाहीसाठी नांदेडला माझ्याच टेबलावर आली, कारण ऑनलाइन शिक्षणाच्या तक्रारींचं निवारण माझ्याच समितीकडं होतं. मी ती काळजीपूर्वक वाचली. विद्यार्थ्याचं म्हणणं रास्त होतं, अक्षरही सुरेख होतं. पण निर्णयावर किमान दोन सदस्यांच्या सह्या लागत होत्या, आणि दुसरी सही मिळवण्यासाठी मला पुण्याला किंवा स्वर्गात जावं लागलं असतं. सुदर्शनचे अकरा गुण कायम राहिले.

तरी त्याची कीर्ती वाढत गेली. तो वर्गप्रतिनिधी झाला, बिनविरोध. आणि एका सोमवारी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. ते इतके खूश होते की त्यांनी मला बिस्किटाची बशीही पुढं केली.

"पथकाला आदर्श विद्यार्थी दाखवायचाय. लातूरच्या मॅडमनी नाव पाठवलंय. सुदर्शन शरणप्पा. रोज हजर, रोज उत्तर देतो, दीड महिना आजारी असूनसुद्धा. त्याचा आणि त्याच्या आईवडिलांचा सत्कार ठेवू. तुम्ही समितीचे, तुम्ही त्याला शोधून आणा."

मी बिस्कीट खाली ठेवलं.

माणिकप्पांनी या वेळी जेवणाचा दाखला दिला नाही, थेट माणूसच दिला. "आमचा भाचा मल्लेश हाय न भोकरला. एक दिवस सुदर्शन म्हणून बस म्हणलं तं बसंल. त्याला काय काम हाय."

कबूल करतो, मी मल्लेशला बोलावून घेतलं. तो आला. उंच, भरघोस मिश्यांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा. मी त्याला सहज म्हणून विचारलं, "नांदेड कुठल्या नदीवर आहे?" त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "पुलावरनं जाताना लागती ती." उत्तर चुकीचं म्हणता येत नव्हतं. पण मनस्विनी मॅडम दीड महिना ज्याच्यासाठी नकाशे रंगवत होत्या, तो म्हणून या मुलाला त्यांच्यासमोर उभं करायचं, हे माझ्यानं होईना. त्याला पोहे खाऊ घालून परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची लातूरची एसटी पकडली.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं, साडेतीन तास मी मनात वाक्यं जुळवत होतो. सगळ्या वाक्यांची सुरुवात 'गैरसमज नसावा' अशी होती.

केंद्र एका भांड्याच्या दुकानाच्या वर होतं. एक खोली, एक लॅपटॉप, भिंतीला नकाशे. मॅडमनी मला ओळखलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी नाव सांगितलं, समितीचं सांगितलं आणि मग म्हणालो, "सुदर्शनबद्दल बोलायचं होतं."

माझ्या आवाजात ते नाव ऐकून त्यांची मान वर झाली. दीड महिना रोज ऐकलेला आवाज. मला पुढं काही सांगावं लागलं नाही, तरी मी सगळं सांगितलं, प्रपत्रापासून मल्लेशपर्यंत. जुळवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही.

"म्हणजे सुदर्शन नाही," त्या म्हणाल्या.

"आहे. मी आहे ना."

"म्हणजे नाही."

खाली दुकानात कोणीतरी पातेलं वाजवून बघत होतं. मॅडम उठून खिडकीशी गेल्या.

"तो यायच्या आधी मी राजीनामा लिहून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "सर, रोज भिंतीशी बोलून माणसाला आपलाच आवाज नकोसा होतो. मग एकजण बोलला. मी घरी आईला सांगितलं, एक मुलगा ऐकतो म्हणून. तो आजारी आहे म्हणून ती देवाला नमस्कार करताना त्याचंही नाव घेते."

मी मान खाली घातली. माझ्या तब्येतीसाठी लातूरच्या एका घरात कोणी देवापुढं हात जोडत होतं आणि ते मी चोरून घेतलं होतं. माफी मागितली. त्यांनी ती ऐकल्याचं दाखवलं नाही. थोड्या वेळानं टेबलाच्या खणातून यादी काढून माझ्यापुढं टाकली.

"तुम्ही मूल्यमापन करता ना. मग या बासष्टांतलं खरं कोण आहे, तेवढं मला सांगा. नाहीतर तो राजीनामा अजून तसाच आहे."

यादीत फोन नंबर होते. इतक्या महिन्यांत ते कोणी लावले नव्हते. प्रपत्रात तसा रकाना नव्हता. एकतीस त्यांनी घेतले, एकतीस मी. तो दिवस आणि नंतरचे चार दिवस मी फोन लावत होतो. एक नंबर ट्रॅक्टरच्या शोरूमचा निघाला आणि तिथल्या माणसानं मला अर्धा तास नांगराची माहिती दिली. कंधारच्या एका मुलीचे वडील म्हणाले, "तिचं तं लगीन झालं सर, फोन तिच्या भावाकडं हाय, त्यो चालू करून ठिवतो. हजेरी बुडू नाही म्हणून." एका घरी तीन बहिणींत एक फोन होता आणि भूगोलाच्या वेळी तो धाकटीच्या गणिताला लागायचा. एकजण पेट्रोल पंपावर कामाला होता; तास लावून फोन खिशात ठेवायचा आणि गिऱ्हाईक नसलं की ऐकायचा. त्यानं मला काळी माती कशी बनते ते बिनचूक सांगितलं आणि मध्येच "किती टाकू?" असं कोणाला तरी विचारलं.

यादीतली शेवटची मुलगी अक्षरा. देवणीची, पण आता लातूरलाच. तिची आई लक्ष्मम्मा तिथं मेस चालवते, क्लाससाठी आलेल्या मुलांची. पलीकडं भांड्यांचा आवाज इतका होता की माझा आवाज तिला ओळखू आला नसावा.

"मी रोज ऐकते की सर," ती म्हणाली. "इअरफोन एका कानात ठिवते. साडेसातला आमच्या पोळ्या चालू असतात."

"मग बोलत का नाही?"

"माईक कणकेत पडला माझा, तवापासून बिघडलाय. लिहावं म्हणलं तर हाताला पीठ." मग म्हणाली, "आन् माईक असता तरी काय उपयोग. त्यो सुदर्शन हाय न, त्यो लई बोलतो. मॅडमनी इचारलं की ह्यानं सांगितलंच. आमाला आठवूपर्यंत थांबतच न्हाई. तुमी समितीचे हाव का? मग त्याला जरा गप बसवा."

मी 'नोंद घेतो' म्हणालो आणि घेतली. अहवालात ती सतराव्या पानावर आहे.

मॅडमनी त्यांच्या एकतीसांची टिपणं पाठवली, ती माझ्यात मिळवली तर बासष्टपैकी एकोणीस जण ऐकत होते. कोणी पोळ्या लाटताना, कोणी गुरांपुढं वैरण टाकताना, पण ऐकत होते. मॅडमना फोनवर तो आकडा सांगितला. "एकोणीस," त्या म्हणाल्या, आणि नावं वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. त्यांनी परत एकदा वाचायला सांगितली.

अहवाल लिहिला. उरलेले त्रेचाळीस का येत नाहीत ते कारणासह लिहिलं, सुदर्शन कोण तेही लिहिलं. सुधारणा तीनच सुचवल्या: तासाची वेळ मुलांना विचारून ठरवावी, शिक्षकांनी महिन्यातून एकदा प्रत्येकाला फोन करावा, आणि महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी लातूरला समोरासमोर बसावं. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला.

"आकडे जरा जास्तच खरे झालेत, सर," ते म्हणाले.

पण वेळ राहिला नव्हता, तोच अहवाल गेला. सत्कार रद्द झाला. आणि तपासणी पथक आलं ते ऑनलाइनच आलं. पाच सदस्य, पाच काळे चौकोन. शिवमूर्ती सर नवा कोट घालून पाऊण तास बोलले. शेवटी "काही शंका असल्यास" असं म्हणून त्यांनी वाट पाहिली. कोणी बोललं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला त्यांचा पहिल्यांदाच कळवळा आला.

आठवड्यानं पत्र आलं. केंद्र चालू ठेवावं. रविवारच्या बैठकीला खर्च नसल्यामुळं हरकत नाही. समितीचं काम संपलं असल्यानं समिती बरखास्त. शिवलिंगनं सुदर्शनचं नाव कमी केलं. कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं म्हणून 'स्थलांतरित' लिहिलं.

त्यानंतरच्या सकाळी मोठ्या झाल्या. साडेसातला मी टेबलाशी बसायचो, वही उघडायचो, आणि मग भाजी निवडायला घ्यायचो. माझा आवाज आता खरंच बसला, वापराअभावी. कोणी वाफारा सांगितला नाही. माणिकप्पा महिनाभर मुलीकडं उदगीरला गेलेले, त्यामुळं भिंतही रिकामी होती.

एके दिवशी फोनवर मनस्विनी मॅडमचा निरोप आला: 'रविवारी अकरा वाजता पहिली बैठक. सर्वांनी यावे.' हा निरोप मला होता की यादीतून नंबर काढायचा राहिला म्हणून आला होता, हे विचारून खात्री करता आली असती. मी विचारलं नाही.

रविवारी पोचलो तेव्हा जिन्याच्या तोंडाशी एक मुलगी वही घेऊन बसली होती. नखांच्या कडांना पीठ वाळलेलं. आवाजावरून मी तिला ओळखलं, तिनं मला नाही; माझा आवाज अजून बसलेलाच होता.

"नाव सांगा. इद्यार्थी, शिक्षक का पालक?"

मी म्हणालो, यातला मी कोणीच नाही. समितीचा होतो, पण ती समिती आता नाही.

तिनं पान उलटलं. "मग पालकात लिहिते. त्या पानावर कुनीच न्हाई." तिनं माझं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर पेन थांबवलं. "कोणाचे पालक?"

माझ्यामागं दोघं-तिघं येऊन उभी राहिली होती.

"माझं लिहिते," ती म्हणाली. "आई काय येणार न्हाई, तिला दुपारचा सैपाक हाय. करा सही."

मी सही केली आणि आत जाऊन मागच्या बाकावर बसलो. तेवीस जण आले होते. कोणाला कोणाचा चेहरा माहीत नव्हता, बोलायला लागले की ओळख पटत होती. मॅडमनी मला पाहिलं आणि माझ्या बाजूची खिडकी येऊन उघडून गेल्या. मग त्यांनी शिकवलं. प्रश्न विचारले. मुलं अडखळत, एकमेकांकडं बघत उत्तरं देत होती. मी जिभेवर ताबा ठेवून बसलो. ते फार अवघड गेलं.

शेवटी मॅडमनी वही हातात घेतली आणि पालकांच्या पानावर नजर टाकली. "पालकांपैकी एकजण आलेत," त्या म्हणाल्या. "त्यांनी दोन शब्द बोलावेत."

तेवीस जण मागं वळले. तीस वर्षं मी कोणी न विचारता पाऊण पाऊण तास बोलत आलो. आता उभा राहिलो. अक्षरा पुढच्या बाकावरून बघत होती, हा माणूस आपल्याला खाली तर बघायला लावणार नाही ना, अशा चेहऱ्यानं.

"आमच्या अक्षराचा माईक बिघडलाय," मी म्हणालो. "तो मी आज दुरुस्त करून आणतो." आणि खाली बसलो.